तृचातील दोन मागण्या

औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, ही गोष्ट आता फारशी कोणाच्या स्मरणात उरलेली नाही. आपल्या हैदराबादेत १९३१ साली संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष ज्ञानकोशकार केतकर होते, हे मात्र येथील जुन्या घरांतून अजूनही अभिमानाने सांगितले जाते. केतकरांविषयी या पृष्ठांतून पुष्कळ लिहून झाले आहे. बाळासाहेबांविषयी लिहिण्याचे प्रयोजन निराळे. चित्रकार, कीर्तनकार आणि संस्थानिक अशा तिन्ही नात्यांनी मिरवलेल्या या गृहस्थाने सूर्यनमस्कारांवर जे लिहिले ते आमच्या पिढीतील अनेकांनी लहानपणी वाचले नसले, तरी अंगाने केलेले आहे. अंगाने केलेले पुस्तक पुढे डोळ्यांनी वाचू लागले की काही अडचणी उभ्या राहतात. त्या अडचणींचा हा आढावा आहे.

निमित्त एका शब्दाचे. अलीकडे मंत्र, योग आणि अंगविक्षेप यांविषयी जे काही मराठीत छापले जाते त्यात 'ऊर्जा' हा शब्द पानोपानी भेटतो. मंत्राने ऊर्जा जागृत होते, आसनाने ती वाहती होते, श्वासाने ती साठते. शाळेतील पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातून हा शब्द आला आणि अध्यात्मात जाऊन बसला. वस्तुतः वेदातील 'ऊर्ज्' म्हणजे पोषण, अन्नरस, त्यातून येणारी ताकद. दुभत्या गाईशी आणि पिकाशी तो शब्द जवळचा आहे, विजेच्या तारेशी नव्हे. जुन्या लेखकांनी या जागी तेज, ओज, बल, वीर्य असे वेगवेगळे शब्द वापरले आणि प्रत्येकाची छटा राखली. वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायात एक प्रसिद्ध प्रार्थना आहे. तीत तेज, वीर्य, बल, ओज, मन्यु आणि सहस् अशा सहा गोष्टी एकामागून एक मागितल्या आहेत. यातला पाचवा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. मन्यु म्हणजे क्रोध, अन्यायाविरुद्ध पेटून उठण्याची शक्ती. आजच्या 'ऊर्जा'वाङ्मयात शांती आहे, प्रसन्नता आहे, एकाग्रता आहे. मन्यु मात्र कोठेही आढळत नाही. तो कोठे गेला, हा आमचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना औंधच्या जोडीला हैदराबादचेही नाव घ्यावे लागते.

प्रथम मूळ विधी पाहू. ज्याला तृचाकल्प नमस्कार म्हणतात त्यात ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील पन्नासाव्या सूक्ताच्या शेवटच्या तीन ऋचा योजलेल्या आहेत. छंद अनुष्टुभ, म्हणजे प्रत्येक ऋचेचे चार चरण, तिहींचे मिळून बारा. सूर्याची नावेही बारा : मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सविता, अर्क आणि भास्कर. त्यांच्या अगोदर 'ह्रां'पासून 'ह्रः'पर्यंतची सहा बीजाक्षरे, ती दोनदा आली की पुन्हा बारा. प्रणव, बीज, चरण, नाव आणि मग नमस्कार, असा क्रम. आधी एकेका चरणाने, पुढे अर्ध्या ऋचेने, पुढे पूर्ण ऋचेने नमस्कार घालीत जावयाचे. वैदिक ऋचा, तांत्रिक बीज, पौराणिक नामावळी आणि तालमीतील दंडाशी नाते सांगणारी शरीराची हालचाल ही चार निरनिराळ्या काळांतील आणि निरनिराळ्या लोकांतील द्रव्ये येथे एकत्र नांदतात. कोणी ती प्रथम एकत्र आणली हे सांगता येत नाही, परंतु ज्याने आणली त्याला बाराच्या हिशेबाची चांगली जाण होती.

आता त्या ऋचांत मागितले काय आहे? पहिलीत उगवत्या सूर्याला म्हटले आहे की माझा हृद्रोग आणि माझा हरिमा, म्हणजे अंगावर येणारा पिवळेपणा, नाहीसा कर. दुसरीत तो पिवळेपणा पोपटांत, पक्ष्यांत, पिवळ्या झाडांत नेऊन ठेवण्याची कल्पना आहे. आमच्या मते ही सर्व वेदवाङ्मयातील अत्यंत गोड कल्पनांपैकी एक आहे. रोग नष्ट करावयाचा नाही, जेथे तो शोभून दिसेल तेथे ठेवून द्यावयाचा. तिसऱ्या ऋचेत मात्र सूर एकदम बदलतो. आदित्य आपल्या सर्व सामर्थ्यानिशी उगवला आहे, तो माझ्या द्वेष्ट्याला माझ्या स्वाधीन करो, मी द्वेष्ट्याच्या हाती न सापडो. म्हणजे तृचात मागण्या दोन आहेत : एक आरोग्याची, दुसरी शत्रूपासून सुटकेची. आमच्या समजुतीप्रमाणे गेल्या शंभर वर्षांतील सूर्यनमस्कारवाङ्मयाचा सारा इतिहास या दोन मागण्यांच्या ताटातुटीचा आहे.

बाळासाहेबांनी पहिली मागणी उचलली. ते स्वतः दहाएक वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत होते, त्याची साधने व पुस्तके त्यांनी आणविली होती. पुढे १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या उदाहरणाने, ते नमस्कारांकडे वळले. १९०९ साली गादी मिळाल्यावर हा व्यायाम त्यांनी संस्थानातील शाळांतून चालू केला. त्यांच्या लेखनात जो आवेश आहे तो धर्मांतर केलेल्या माणसाचा आहे, आणि त्याने सोडलेला धर्म सँडोचा होता, हे विसरून चालणार नाही. शरीराची मापे, भुकेचा व झोपेचा हिशेब, कार्यक्षमता, दीर्घायुष्य ही सर्व सँडोची भाषा त्यांनी तशीच ठेवली आणि तिच्यात सूर्य आणून बसविला. मंत्राकडेही ते याच दृष्टीने पाहतात. प्रत्येक बीजाक्षराचा उच्चार शरीराच्या कोणत्या भागावर परिणाम करतो, छातीवर कोणते, कंठावर कोणते, पोटातील इंद्रियांवर कोणते, याची वाटणी त्यांनी केली आहे. मंत्र हा त्यांच्या लेखी आतून होणारा व्यायाम आहे. देवता मागे सरते, कंप पुढे येतो. आजच्या ऊर्जावाद्यांचे खरे पूर्वज शोधावयाचे असतील तर ते हिमालयात न शोधता सातारा जिल्ह्यात शोधावेत.

याविषयी अनादराने बोलण्याचा आमचा हेतू नाही. बाळासाहेबांच्या गद्याला एक गुण आहे जो अशा विषयावरील लेखनात दुर्मीळ असतो : ते दिसते. 'चित्ररामायण' काढणारा हात येथेही आहे. गुडघे कोठे, कपाळ कोठे, छाती किती पुढे, हे ते अशा रीतीने सांगतात की वाचणाऱ्याचे अंग आपोआप हलते. त्यांनी शरीराच्या दहा अवस्था मानल्या, म्हणूनच १९३८ साली लंडनला डेंट यांनी काढलेल्या इंग्रजी आवृत्तीचे नाव आरोग्याचा दहा कलमी मार्ग अशा अर्थाचे ठेवले गेले. लुइझ मॉर्गन या वृत्तपत्रकार बाईंनी तिची प्रस्तावना लिहिली. शीर्षकात आरोग्य प्रथम आले, सूर्याला उपशीर्षकात जागा मिळाली. सूर्य असा मागच्या बाकावर गेला, त्याचा दोष एकट्या लंडनला देता येत नाही. ती वाट मूळ पुस्तकानेच दाखविली होती. त्यांच्या लेखनातील दोषही येथेच सांगून टाकतो. एकच व्यायाम सर्व रोगांवर उपाय आहे असे जो म्हणतो त्याच्यावर टीकाकाराला फार वेळ घालवावा लागत नाही. विशेष म्हणजे ज्या हठयोगाचे नाव या व्यायामाला पुढे चिकटले त्या परंपरेचे मत अगदी उलट होते. हठप्रदीपिकेत किंवा घेरण्डसंहितेत सूर्यनमस्कार नाहीत. एकोणिसाव्या शतकातील टीकाकार ब्रह्मानंद याने 'ज्योत्स्ना' टीकेत त्यांचा उल्लेख केला आहे, तो योग्याने टाळावयाच्या कायक्लेशांत : पुष्कळ सूर्यनमस्कार आणि पुष्कळ ओझे वाहणे ही दोन्ही एकाच ओळीत. बाळासाहेबांना हे वाक्य ठाऊक असते तर त्यांनी ब्रह्मानंदाला नमस्कार घालण्याचाच सल्ला दिला असता, असे आम्हांस वाटते.

दुसरी मागणी उचलली ती पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी. यांचे नाव काढताच काचीगुडा, सुलतान बाजार आणि जांबाग येथील वृद्ध वाचक ताठ बसतील, कारण हा माणूस काही काळ आपला होता. सावंतवाडीकडील कोलगावचा जन्म, १८६७ चा; मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण. आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादेत चित्रकार म्हणून व्यवसाय. आर्य समाजाशी त्यांचा संबंध येथेच दृढ झाला. १९०७ साली विवेकवर्धिनी स्थापन झाली, तिच्या मूळच्या मंडळींत केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या जोडीला त्यांचे नाव घेतले जाते. वेदांवरील त्यांची व्याख्याने आणि लेखन हे सत्तेच्या डोळ्यांवर आले आणि त्यांना हे शहर सोडावे लागले.

१९०८ साली कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात त्यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख आला. त्या लेखाबद्दल संपादक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली कारावास भोगावा लागला. या घटनेचा उल्लेख स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात येतो, वाङ्मयाच्या इतिहासात येत नाही, आणि आमच्या मते हीच चूक आहे. मंत्रात शक्ती असते की नाही यावर आपण आजही वाद घालतो. त्या वेळच्या न्यायालयाला त्याविषयी शंका नव्हती. हजारो वर्षांपूर्वीच्या प्रार्थनांचा अर्थ मराठीत नीट सांगितला तर राज्याला धोका पोहोचतो, असे परक्या सरकारने मानले. मंत्रसामर्थ्याला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणा भक्तानेही दिलेले आम्हांस ठाऊक नाही. मात्र हे सामर्थ्य बीजाक्षराच्या कंपाचे नव्हते, अर्थाचे होते. सातवळेकरांच्या लेखी मंत्र म्हणजे समजून म्हटलेले वाक्य. तेज, ओज, मन्यु हे शब्द त्यांनी पुन्हा चलनात आणले ते त्यांच्या अर्थासह.

१९१८ साली ते औंधला गेले. तेथे स्वाध्याय मंडळ उभे केले, संहितांची शुद्ध संपादने काढली, 'वैदिक धर्म' आणि 'पुरुषार्थ' ही मासिके चालविली, आसनांवर, ब्रह्मचर्यावर आणि सूर्यभेदन व्यायामावर लिहिले. एक चित्रकार राजा आणि एक चित्रकार पंडित एकाच लहानशा संस्थानात शरीर आणि मंत्र यांच्यावर लिहीत बसले आहेत, हे दृश्य मराठी वाङ्मयात अन्यत्र नाही. दोघांच्याही लेखनात आकृती स्पष्ट असतात. परंतु राजा रेषा काढतो तेव्हा ती स्नायूची असते, पंडित काढतो तेव्हा ती समाजाची असते. सातवळेकरांच्या गद्यात लालित्य कमी, पुनरुक्ती अधिक, आणि वेदात सर्व काही आहे हा आर्यसमाजी हट्ट तर जागोजाग. तरीही त्यांचे एक पान वाचून माणूस आरशासमोर जाऊन उभा राहत नाही, शेजाऱ्याच्या घरी जातो. हा फरक लहान नाही. १९४८ साली त्यांनी औंध सोडून गुजरातेतील पारडीस मंडळ हलविले आणि १९६८ साली शंभरी पार करून ते गेले.

निजामी राज्यातील मराठी माणसाला ही दुसरी मागणी निराळी समजावून सांगावी लागत नसे. सार्वजनिक सभांना आणि आखाड्यांना परवानगीची कुंपणे असलेल्या त्या काळात शरीर कमावणे ही खाजगी बाब राहिली नव्हती, आणि नेमके म्हणूनच ती खाजगी जागेत करावी लागे. गच्ची, माडी, मागले अंगण. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहातील गाऱ्हाण्यांत आखाड्यांवरील निर्बंधही होते. अशा काळात पहाटे हलक्या आवाजात तिसरी ऋचा म्हणणारा माणूस द्वेष्टा हा शब्द उच्चारताना कोणाचा विचार करीत असेल? यात एक धोकाही आहे आणि तो आम्ही लपवू इच्छित नाही. द्वेष्टा कोण हे ठरविण्याचा अधिकार प्रार्थना करणाऱ्याकडेच असतो, आणि शेजारच्या गल्लीतील माणसाला त्या जागी बसविणे फार सोपे असते. या शहराने त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजलेली आहे. सातवळेकरांचा अर्थ स्वीकारणाऱ्याने ही जबाबदारीही स्वीकारली पाहिजे. राजासाहेबांच्या कंपवादात निदान कोणी शत्रू नाही, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल.

पहिल्या मागणीविषयी आम्ही थोडे स्वतःचे सांगतो, कारण त्यावाचून आमचे मत कोठून आले ते कळणार नाही. आमचे वडील चाळीस वर्षे काचीगुड्यातील घराच्या गच्चीवर रोज नमस्कार घालीत. मनमाडकडील मीटर गेजची गाडी स्टेशनात शिरताना शिटी देई, तोवर त्यांचे आटोपलेले असे. ऋचा येत, परंतु रोज ते बीज आणि नाव एवढेच म्हणत. हृद्रोग घालविण्याची प्रार्थना ज्या विधीत आहे तो विधी इतकी वर्षे करूनही त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी नमस्कार बंद केले. आम्हांस वाटले, आता पुस्तकही बंद होईल. तसे झाले नाही. ते त्याच वेळी, त्याच गच्चीवर, खुर्चीत बसून बारा नावे घेऊ लागले. प्रत्येक नावानंतर पूर्वी एक नमस्कार पुरा होण्यास जेवढा अवकाश लागे तेवढाच थांबत. एकदा आम्ही विचारले, 'आता नुसती नावे घेऊन काय होते?' ते म्हणाले, 'पूर्वी तरी काय होत होते ते मला कुठे ठाऊक होते?'

या उत्तराने आमचे पुस्तकाचे वाचन उलटेपालटे झाले. बाळासाहेबांच्या मांडणीत मंत्र व्यायामाच्या सेवेला आहे; व्यायाम काढून घेतला तर मंत्राला नोकरी उरत नाही. वडिलांच्या गच्चीवर व्यायाम गेला आणि मंत्र राहिला, इतकेच नव्हे तर गेलेल्या व्यायामाची लय त्याने सांभाळली. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या जागृतीचे जे सविस्तर वर्णन आहे, मराठीतील त्या विषयाचे पहिले मोठे वर्णन, त्यातही शरीरात घडणाऱ्या गोष्टी एकेक करून सांगून ज्ञानदेव तेथे थांबत नाहीत. ते शरीराला नाकारीत नाहीत आणि त्याचा हिशेबही मागत नाहीत. नाथपंथी वारसा बाळगणारा हा कवी पुढे वारकऱ्यांची माउली झाला, आणि त्या वारीत नाम आणि पाऊल यांची गाठ कोणत्या अवयवाला काय लाभ होतो यावाचूनच पक्की बसली. राजासाहेब स्वतः कीर्तन करीत. कीर्तनाच्या आखाड्यात उभे राहणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. परंतु पुस्तक लिहिताना त्यांच्यातील कीर्तनकार बाहेर थांबला आणि सँडोचा जुना शिष्य आत आला, एवढे मात्र खरे.

बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांनी १९७० साली याच विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. राजनैतिक सेवेत देशोदेशी राहिलेल्या या गृहस्थांचा कल वडिलांपेक्षा अंतर्मुख होता, आणि त्यांच्याकडे येईतो व्यायामातून पुन्हा साधना डोकावू लागते. पुढच्या काळात विद्यापीठीय अभ्यासकांनी, विशेषतः मार्क सिंगलटन यांनी २०१० च्या 'योगा बॉडी' या ग्रंथात, आधुनिक योगाची मुळे विसाव्या शतकारंभीच्या व्यायामचळवळीत दाखविली, तेव्हा औंधच्या राजाला जागतिक महत्त्व आले. मराठीत या चर्चेची हवी तशी दखल घेतली गेली नाही. आपल्याकडे एकतर सूर्यनमस्कार वेदकालीन आहेत असे ठासून सांगतात, नाहीतर ते सर्वस्वी उसने आहेत म्हणून हिणवितात. बाराचा हिशेब जमविणारा तो अनामिक पुरोहित दोघांच्याही खिजगणतीत नाही.

आजच्या रूढ पद्धतीविषयी दोन शब्द लिहितो. सध्या बहुतेक वर्गांतून शरीराच्या बारा अवस्था शिकवितात, आणि बिहार योग विद्यालयाच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक अवस्थेला एकेक नाव जोडतात. जुन्या रीतीत एका नावावर एक संपूर्ण नमस्कार होई. म्हणजे मित्र हे नाव घेतले की उभे राहण्यापासून पुन्हा उभे राहण्यापर्यंत सारे मित्राचेच. आता मित्र हात जोडण्यापुरता, रवि हात वर करण्यापुरता. हा बदल सोयीचा आहे, शिकविण्यास उत्तमही आहे, परंतु त्यामुळे नाव हे त्या अवस्थेची खूण होऊन बसते, जसे कवायतीत आकडे. २०२२ च्या जानेवारीत स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीनिमित्त पंचाहत्तर कोटी नमस्कारांचा संकल्प सोडला गेला, त्याचा आरंभ हैदराबादेजवळच झाला. एवढ्या मोठ्या संख्येत द्वेष्टाही नसतो आणि हृद्रोगही नसतो, फक्त बेरीज असते. राजासाहेबांना ती आवडली असती. सातवळेकरांनी, आमच्या अंदाजाने, प्रत्येकाला अर्थ कळला का ते विचारले असते.

आमच्या घरातील नातवंडे परदेशी योगवर्गात जातात आणि तेथे बारा नावे रोमन लिपीतून वाचतात. परवा एकाने दूरध्वनीवर विचारले की खग म्हणजे पक्षी ना, मग तो सूर्य कसा? आम्ही त्याला दुसरी ऋचा सांगितली : पिवळेपणा पोपटांना देऊन टाकण्याची. तो बराच वेळ हसला आणि म्हणाला, 'हे आम्हाला कोणी शिकवलेच नाही.' तिसरी ऋचा आम्ही त्याला अजून सांगितलेली नाही.